ऊन सगळ्यांचे, कर्म कुणाचे?

यावल तालुक्यात आडगावच्या पुढे, सातपुड्याच्या कुशीत मनुदेवीचे ठाणे आहे. खानदेशातल्या अनेक कुटुंबांची ती कुलदेवता. पावसाळ्यात देवळाशेजारी धबधबा कोसळतो, नवरात्रात माणसांची रीघ लागते. देवीची स्थापना कशी झाली याची कथा या भागात सांगतात. इथे ईश्वरसेन नावाचा गवळी राजा होता. त्याच्या गायी इतक्या, की काही पाण्यासाठी तापीवर न्याव्या लागत आणि काही थेट नर्मदेवर. पुढे सातपुड्यात मानमोडीची साथ आली. माणसे मेली, गुरे मेली. तेव्हा राजाने रानात देवी स्थापली आणि साथीला अडवायला १३ फूट रुंदीची भिंत घातली. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झालाही मराठी मुलखाने मानमोडी हेच नाव दिले होते.

कथेला इतिहासाचा आधार किती, हे शोधणाऱ्यांनी शोधावे. तिच्यात एक प्रश्न कुणी विचारलेलाच नाही, तो असा की मेलेल्यांपैकी कुणी काय पाप केले होते. साथ सगळ्यांवर आली, म्हणून देवी सगळ्यांसाठी आली आणि भिंतही सगळ्यांसाठी उभी राहिली. एरवी आपल्याकडे आजाराची चौकशी निराळ्या वळणाने जाते. घरात कुणी अंथरुणाला खिळले की चार माणसे हळूच म्हणतात, ‘भोग आहेत, भोगूनच संपवायचे.’ कर्मसिद्धांत एका माणसाचा हिशेब त्याच माणसाच्या नावावर मांडतो. हवा मात्र एकाची नसते, जमिनीखालचा झराही एकाचा नसतो. अख्खा तालुका एकाच उन्हात पोळतो, एकाच खालावलेल्या पाण्यावर जगतो, तेव्हा हा हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा?

याच यावल तालुक्यातल्या फैजपूरकरांना हा प्रश्न दर वैशाखात अंगावर घ्यावा लागतो. खानदेशचे ऊन नवे नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधे तापीचे सखल खोरे. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे इथल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्या उन्हाचा विचार करूनच जुनी घरे बांधली गेली. जाड मातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचे धाबे, आणि उन्हाळ्याच्या रात्री धाब्यावर अंथरूण. आता धाबी गेली, ज्याच्याकडे पैसा त्याने स्लॅब टाकला आणि ज्याच्याकडे नाही त्याने पत्रे. पत्र्याखालची खोली मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. रात्री शरीराला विसावा मिळाला नाही, की दुसऱ्या दिवशीचे ऊन जास्त बाधते. माणूस घाम गाळून स्वतःला थंड ठेवतो. अंगातले पाणी आणि मीठ संपत आले की ती सोय बंद पडते. आतले तापमान ४० अंशांपुढे चढले, की मेंदू आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली. त्या महिन्यात तिथे नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले, असे नंतरच्या अभ्यासातून निघाले. २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा तयार केला. मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हामुळे कलम १४४ लावले, आणि भर दुपारी मजुरांकडून उघड्यावर काम करून घेण्याला त्या आदेशाने मज्जाव केला. दंगलीसाठी ठेवलेले कलम उन्हासाठी वापरावे लागले, यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते कळावे.

‘ज्याचे त्याचे कर्म’ हे उत्तर या ठिकाणी अपुरे पडते, असे वाटणारी माणसे आजच जन्मली असे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातला तिसरा अध्याय याच शंकेने सुरू होतो. उन्हाळ्याच्या अखेरच्या दिवसांत, पांचाल देशातल्या काम्पिल्य नगरीजवळ, गंगेकाठी पुनर्वसु आत्रेय शिष्यांसह फिरत आहेत. ऋतूंची लक्षणे बिघडलेली पाहून ते शिष्यांना सांगतात, औषधी वनस्पती आत्ताच गोळा करून ठेवा, पुढे त्यांचा गुण उरणार नाही. तेव्हा अग्निवेश विचारतो : माणसांच्या प्रकृती वेगळ्या, आहार वेगळा, बळ वेगळे, वय वेगळे, मन वेगळे. मग एकच रोग एकाच वेळी सगळ्या जनपदाचा नाश कसा करतो?

आत्रेयांचे उत्तर आजही थक्क करते. माणसे वेगवेगळी असली तरी चार गोष्टी सगळ्यांना समान असतात : वायू, उदक, देश आणि काळ. त्या बिघडल्या की सगळे मिळून आजारी पडतात. बिघडलेल्या हवेची लक्षणे त्यांनी दिली आहेत, त्यांत अति उष्णता आहे, धूळ आहे, धूर आहे. बिघडलेल्या पाण्याच्या लक्षणांत पक्ष्यांनी सोडून दिलेले पाणी येते. चारांचा क्रमही त्यांनी लावला. हवेपेक्षा पाणी टाळणे कठीण, पाण्यापेक्षा देश, आणि सर्वांत कठीण काळ, म्हणजे ऋतूच. आज हवामानशास्त्र ज्याची चिंता करते ते या क्रमातले शेवटचे पद आहे.

पण अग्निवेश तिथे थांबत नाही. हे चौघे बिघडतात कशाने, असे तो विचारतो. आत्रेय म्हणतात, अधर्माने. आणि अधर्माचे मूळ आहे प्रज्ञापराध. कळत असूनही बुद्धीला डावलून केलेली कृती म्हणजे प्रज्ञापराध. पुढचा भाग फारच स्पष्ट आहे. देशाचे, नगराचे, व्यापारी संघांचे आणि जनपदाचे मुख्य धर्म सोडून वागू लागले, की त्यांच्या आश्रयाने जगणारे लोक तो अधर्म वाढवत नेतात, आणि मग ऋतू बिघडतात. म्हणजे या वैद्याने दोष सगळ्यांच्या माथी सारखा मारला नाही. सुरुवात कुठून होते, ते त्याने सांगितले.

बौद्ध परंपरेत याच प्रश्नावर त्याहून थेट बोललेले सापडते. संयुत्तनिकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांकडे येतो. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचे मत काय, असे तो विचारतो. बुद्ध आठ कारणे सांगतात : पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतूतला बदल, वागण्यातली हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि शेवटी कर्मफल. कर्म आहे, पण आठांतले एक. ऋतुबदलाला त्यांनी स्वतंत्र जागा दिली. सगळे पूर्वकर्मावर टाकणारे लोक माणसाला स्वतःला कळणाऱ्या आणि जगाने सत्य मानलेल्या गोष्टीही ओलांडून जातात, असा त्यांचा आक्षेप होता.

फैजपूरहून उत्तरेला पाहिले की सातपुडा दिसतो, आणि त्याच्या पाड्यांत या वादाचा सर्वांत अवघड दाखला सापडतो. पावरा, भिल्ल अशा आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. तो तिथे का, याचे कारण रानातल्या हिवतापात आहे. ज्या मुलाला आईबापांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळते, त्याला गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणून हिवतापाच्या रानात अशी माणसे जास्त तगली आणि जनुक टिकले. पण दोघांकडून ते मिळाले, की मुलाच्या रक्तातल्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. अंगातले पाणी कमी होणे, अति श्रम, अति ऊन किंवा थंडी ही या वेदनांना निमित्ते होतात. मलेरियाच्या रानात पूर्वज जगावेत म्हणून जे शरीराने कमावले, त्याची किंमत आजचे मूल मोजते. याला पाप म्हणायचे, तर कुणाचे? त्या पूर्वजांनी केवळ जिवंत राहण्याचा गुन्हा केला होता. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ती पाड्यावर नीट पोचायची, तर ‘पोराचे भोग’ हा शब्द आधी तिथून हलला पाहिजे.

आता पाण्याकडे वळू. रावेर आणि यावल म्हणजे केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सावद्याच्या रेल्वे स्थानकावरून केळी उत्तर भारतात जाते. या पिकाने इथली घरे उभी केली, पोरे शिकवली, संस्था चालवल्या. त्याविषयी कृतघ्न होऊन काही लिहिणे बरोबर नाही. केळीचा शेतकरी ऊन ओळखतो. बागेभोवती तो शेवरी लावतो, कडेला हिरवी जाळी बांधतो, कारण वैशाखातल्या झोतात पाने फाटतात आणि घड सटकतात.

ही सारी बाग ज्या पाण्यावर उभी आहे ते सातपुड्याने दिलेले आहे. डोंगराच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा लांबच लांब पट्टा आहे, भूजलतज्ज्ञ त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरून आलेला पाऊस इथे मुरतो आणि खाली तापीच्या गाळाच्या जमिनीकडे सरकतो. बऱ्हाणपूरला १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, याच सरकणाऱ्या पाण्यावर कुंडी भांडारा बांधला गेला. भूमिगत बोगद्याने एकमेकींना जोडलेल्या विहिरींची ती रांग नुसत्या उतारावर चालते. डोंगर जेवढे देईल तेवढेच ती घेते. वीजपंपाला अशी मर्यादा नसते. रावेर, यावल हे तालुके आज भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जातात, आणि कूपनलिका शेकडो फूट खोल गेल्या आहेत. ठिबक सिंचन जळगावनेच देशाला दाखवले आणि दर झाडामागे पाणी वाचले हे खरे. मात्र वाचलेले पाणी जमिनीत राहू देण्याची शिस्त त्यासोबत आली नाही. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यास मनाई आहे. कायदा ठाऊक आहे, घटती पातळी डोळ्यांना दिसते आहे, तरी यंत्र आणखी खाली जाते. चरकाने सांगितलेला प्रज्ञापराध याहून वेगळा काय असतो?

पाणी खोल गेले की कोण आधी तहानतो? ज्याला आणखी खोल जाण्याचा खर्च झेपतो, तो नव्हे. छोट्या शेतकऱ्याची विहीर आधी आटते, पाठोपाठ वस्तीचा हातपंप. हंडा घेऊन दूर जाणारी बाई ज्या उन्हातून जाते ते ४५ अंशांचे असते. पूर्वेला पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात पाण्याची दुसरी बाजू दिसते. तिथे भूजलच खारे आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर, जळगाव जामोद भागात मूत्रपिंडाच्या विकारांचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, आणि गावकरी त्याचा संबंध पिण्याच्या पाण्याशी लावतात.

निसर्गातल्या आपत्तीला नैतिक कारण असते का, यावर आधुनिक भारतातला सर्वांत मोठा वाद १९३४ मध्ये झाला. १५ जानेवारीला बिहारमध्ये भूकंप झाला. हे अस्पृश्यतेच्या पापाचे शासन आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ ठाकूरांना ते सहन झाले नाही. भौतिक घटनेचे कारण भौतिकच असते, त्यात नीती ओढू नये, असे त्यांनी लिहिले. शिवाय हाच युक्तिवाद उलट बाजूलाही तितकाच सोयीचा आहे, भूकंपाचा दोष सनातनी मंडळी गांधीजींच्याच चळवळीवर ठेवू शकतील, हेही त्यांनी दाखवून दिले. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये रवींद्रनाथांचे निवेदन छापले, शेजारी उत्तर छापले, आणि आपल्या श्रद्धेवर ते ठाम राहिले.

त्यानंतर तीन वर्षांच्या आतच गांधीजी फैजपूरला आले. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींनी आणि साने गुरुजींनी त्यासाठी जिवाचे रान केले. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनातले नंदलाल बोस यांनी अधिवेशनासाठी उभारलेल्या टिळकनगरची सजावट बांबू आणि इथे मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी केली. शहरातल्या पुढाऱ्यांनी खेड्याची धूळ, खेड्याचे पाणी, खेड्याचे राहणे अनुभवावे, हा आग्रह गांधीजींचा. भूकंपाच्या वादात ते चुकले असतील. माणसाचे आरोग्य आणि त्याच्या गावाची स्थिती वेगळी करता येत नाही, ही त्यांची जाण मात्र फैजपूरच्या त्या धुळीत पक्की उभी होती.

भूकंपाबाबत रवींद्रनाथांचे म्हणणेच खरे मानावे लागते. भूकवचाला माणसाच्या शिवाशिवीशी देणेघेणे नाही. पण आजचे ऊन आणि आजची खालावलेली विहीर यांची गोष्ट निराळी आहे. इथे माणसाच्या कृतीपासून आपत्तीपर्यंतची साखळी भौतिकच आहे आणि ती मोजता येते. कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने हवेत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडने पृथ्वी तापते. २०२४ हे औद्योगिक युगापूर्वीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून अधिक उष्ण असे पहिले वर्ष ठरले. पंपाने उपसलेल्या पाण्यानेच पातळी खाली गेली. रवींद्रनाथांची अट पाळूनही चरकाचे वाक्य इथे शब्दशः खरे ठरते : जाणूनबुजून केलेल्या कृतीने हवा, पाणी, देश आणि काळ बिघडतात.

कर्मसिद्धांताला खरा तडा याच ठिकाणी जातो. करणारा एक आणि भोगणारा दुसरा, हे त्या सिद्धांताला मान्य होण्यासारखे नाही. केळीचे घड डोक्यावरून वाहणाऱ्या मजुराने हवेत कितीसा धूर सोडला असेल? पाड्यावरच्या आईने किती फूट पाणी उपसले? चरकाने उपायांमध्ये निरोगी प्रदेशात जाऊन राहावे असेही सुचवले आहे. ते ज्याला शक्य आहे तो आजही तेच करतो, वातानुकूलित खोलीत जातो किंवा गाव सोडतो. उरतो तो, ज्याच्याकडे जायला जागा नाही. त्याच्या दुःखाला त्याच्याच गेल्या जन्माचे फळ म्हणणे म्हणजे आपले देणे त्याच्या खात्यावर लिहिणे आहे, आणि धर्माच्या नावाने असे करणे हा सर्वांत मोठा अधर्म.

हे देणे वाटून घेण्याची रीत खानदेशाला येत नव्हती असे नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी शेकडो वर्षे फड पद्धत चालली. बंधाऱ्याखालची जमीन मोठमोठ्या फडांत विभागलेली, एका फडात एका हंगामाला एकच पीक, आणि बहुतेक शेतकऱ्यांचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी कमी असले की एखादा फड कोरडा ठेवायचा. त्यामुळे तुटवडा आला तर तो सगळ्यांना सारखा सोसावा लागे. पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला असे, वरच्याला जास्त आणि खालच्याला कमी हे त्याला चालत नसे. या पद्धतीत कुणी पाप-पुण्याची भाषा केली नसेल, पण सामुदायिक धर्म म्हणतात तो आचरणात असाच दिसतो. फैजपुरातही समान पाण्याची कल्पना परकी नाही. इथल्या सतपंथ मंदिराच्या परंपरेत घटपाट पूजेला मोठे स्थान आहे, आणि त्या घटातले पाणी भाविक मिळून घेतात. तापीच्या महापुनर्भरण योजनेसाठी १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला. ही योजना पूर्ण होईल तेव्हा बझाड्यात पाणी मुरेल. मुरलेले पाणी कुणी किती उपसायचे, हे मात्र कुठल्याही करारात लिहून होणार नाही, ते गावालाच ठरवावे लागेल.

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा वर्षाचा मोठा सण. भर वैशाखात या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात, तहानलेल्याला पाणी देण्याचे पुण्य सांगतात. आणि सालदाराचे साल सुरू होते तेही आखाजीलाच. किती धान्य, किती पैसे, कोणती कामे, याची बोली त्या दिवशी होते. मालकांना विनंती एवढीच आहे, की येत्या आखाजीला त्या बोलीत आणखी चार गोष्टी घाला. चैत्र-वैशाखात भर दुपारी बागेत काम नाही. बांधावर सावली आणि थंड पाण्याचा माठ मालकाने ठेवायचा. चक्कर आली, उलटी झाली तर मजुरी न कापता त्याला दवाखान्यात न्यायचे. आणि सातपुड्यातून आलेल्या मजुराने सिकलसेल असल्याचे सांगितले, तर त्याला हलके काम द्यायचे, काढून टाकायचे नाही. पितरांची घागर भरून झाली, की हे त्याच ओसरीवर बसून ठरवता येईल.